जगाला काय कळावे आणि कोणी कळवावे?

कोणताही धंदा थोडासा प्रौढ झाला की त्यास आपली कुळकथा असावी असे वाटू लागते. वैद्यास धन्वंतरी सापडतो, वकिलास स्मृतिकार सापडतात. मग ज्यास आज ‘जनसंपर्क’ म्हणतात त्या सव्वाशे वर्षांच्या धंद्यानेच मागे का राहावे? आमच्याकडील पाठ्यपुस्तके या कामी अशोकाच्या शिलालेखांस वेठीस धरतात. तेथून एकच उडी घेऊन ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२० नंतर प्रवासी मिळविण्यासाठी केलेल्या खटपटीपाशी येतात, मग मुंबईस १९४३ साली टाटांनी काढलेल्या जनसंपर्क-विभागापाशी थांबतात, आणि पुढे १९५८ साली या धंद्यातील मंडळींची अखिल भारतीय संस्था स्थापन झाल्याचे सांगून प्रकरण संपवितात. मधल्या दोन हजार वर्षांत या देशात कोणी कोणाचे मन वळविण्याचा उद्योग केलाच नाही, असा विद्यार्थ्याचा समज झाल्यास दोष त्याचा नव्हे.

अशा कुळकथा आणि खरा इतिहास यांतील अंतर ज्या एका अध्यापकाने आयुष्य वेचून दाखवून दिले, त्याचा परिचय मराठी वाचकांस क्वचितच झाला आहे. स्कॉट कटलिप हे त्याचे नाव. १९१५ साली वेस्ट व्हर्जिनियात त्याचा जन्म झाला. ऐन तारुण्यात त्याने आपल्या राज्याच्या रस्तेखात्यात प्रसिद्धीचे काम केले, महायुद्धात सैन्यात नोकरी केली आणि १९४६ साली तो विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवू लागला. तेथे जवळजवळ तीस वर्षे काढून १९७५ मध्ये तो जॉर्जिया विद्यापीठाच्या वृत्तविद्या महाविद्यालयाचा प्रमुख झाला. अॅलन सेंटर याच्यासह त्याने १९५२ साली लिहिलेले पाठ्यपुस्तक या विषयाचा जणू धर्मग्रंथच ठरले. परंतु त्याची खरी योग्यता त्याच्या उतारवयातील दोन ग्रंथांत आहे. ‘द अनसीन पॉवर’ हा सुमारे ८०० पृष्ठांचा ग्रंथ १९९४ मध्ये निघाला, आणि त्याच्या आधीच्या काळाची हकीकत सांगणारा दुसरा १९९५ मध्ये. २००० साली तो वारला.

या दोन ग्रंथांनी काय केले? पहिली गोष्ट अशी की, हा धंदा विसाव्या शतकातील दोन-चार बुद्धिमान गृहस्थांच्या डोक्यातून निघाला, ही समजूत त्यांनी खोडून काढली. एडवर्ड बर्नेज हा दीर्घायुषी गृहस्थ स्वतःस या विद्येचा जनक म्हणवून घेण्यात कधी संकोचला नाही. कटलिपने मात्र बॉस्टनमध्ये १९०० साली निघालेल्या ‘पब्लिसिटी ब्यूरो’चे दप्तर धुंडाळले. तेथून आणखी मागे जाऊन, सतराव्या शतकात अमेरिकेतील वसाहतींसाठी माणसे आणि पैसा मिळावा म्हणून इंग्लंडात वाटली गेलेली अतिशयोक्तीची पत्रकेही त्याने याच वंशवृक्षावर बसविली.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. आपल्या धंद्याच्या पूर्वजांची पापे त्याने झाकली नाहीत. १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगार आणि त्यांची बायकामुले मारली गेली, तेव्हा रॉकफेलर यांची बाजू मांडण्यासाठी आयव्ही ली याने काढलेली दिशाभूल करणारी पत्रके. १९२० नंतर कू क्लक्स क्लॅन या द्वेषमूलक संघटनेस लाखो सभासद मिळवून देणारे क्लार्क आणि टायलर हे प्रसिद्धिचतुर जोडपे. हिटलरच्या जर्मनीचे काम पत्करणारे नामवंत सल्लागार — हे सर्व त्याने सविस्तर लिहिले आहे. ज्या विद्येची पदवी देऊन आपण शेकडो विद्यार्थी बाहेर पाठविले, तिच्या काळ्या बाजूचा जमाखर्च सत्तरी ओलांडल्यावर मांडावयास धैर्य लागते. कटलिपचा मोठेपणा आम्ही यात मानतो.

तथापि ज्या खिडकीतून तो पाहतो ती खिडकी बोलणाऱ्याच्या घराची आहे. कंपनी, सरकार, पक्ष, सल्लागार हेच त्याच्या इतिहासातील कर्ते. ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट चालते तो ‘जन’ बहुधा कर्मपदीच राहतो: त्यास सांगितले जाते, त्याचे मन वळविले जाते. कटलिपनंतरच्या अभ्यासकांपैकी मार्गो लॅम आणि कॅरेन रसेल या दोघींनी २०१० साली या इतिहासलेखनाची फेरतपासणी केली. हा धंदा खोटेपणाकडून खरेपणाकडे पायरीपायरीने चढत गेला, या सुखकर कल्पनेस त्यांनी आक्षेप घेतला आणि व्यापारी कंपन्यांपलीकडे, धर्मसंस्था व चळवळी यांच्याकडेही पाहावयास सांगितले. आक्षेप रास्त आहे. पण तो किती रास्त आहे हे न्यूयॉर्क किंवा लंडन येथे बसून पुरते कळावयाचे नाही. त्यासाठी एखादा असा मुलूख घ्यावा, जेथे एका बाजूस प्रसिद्धीची सर्व साधने आणि दुसऱ्या बाजूस तोंड उघडण्याचीही बंदी अशी स्थिती होती. आमच्या मते परभणी जिल्हा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

१९३७ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी फेब्रुवारीत सातव्या निजामाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. प्रसिद्धीच्या कोणत्याही फूटपट्टीने मोजले तरी हे यश लहान नव्हे. आणि कटलिपच्या पद्धतीने हैदराबादचा इतिहास लिहावयास बसलेल्या अभ्यासकास हे मुखपृष्ठ प्रथम सापडेल.

पण त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील परतूर येथे — आज हा तालुका जालना जिल्ह्यात मोडतो — महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परभणीचे वकील गोविंदराव नानल हे त्याचे अध्यक्ष होते. मराठी बोलणाऱ्या प्रजेने आपली गाऱ्हाणी एकत्र येऊन जाहीरपणे मांडावी, एवढाच त्याचा माफक हेतू. त्याचे चित्र कोणत्याही परदेशी साप्ताहिकाने छापले नाही. आणि छापावे तरी कसे? या राज्यात ‘गश्ती निशान ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमान्वये साधी सभा घ्यावयाची तरी आगाऊ परवानगी लागे. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि प्रजेतील बहुसंख्यांच्या भाषा तेलुगू, मराठी व कानडी. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. जन्माआधीच मृत्यूचा दाखला मिळालेली अशी संस्था विरळाच.

येथे प्रसिद्धीच्या इतिहासकारापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. दरबाराची पत्रके, महोत्सव, पुढे हैदराबाद आणि औरंगाबाद येथून बोलणारी नभोवाणी, यांचा विचार तो करील. पण बंदीहुकुमांचा विचार तो कोणत्या प्रकरणात करणार? आमचे म्हणणे असे की, त्याच प्रकरणात. ज्या सभेत दुसऱ्याचे तोंड बांधून ठेवले आहे, त्या सभेतील वक्त्याच्या वक्तृत्वाचे परीक्षण करताना ते फडके विसरून कसे चालेल? राजाची कीर्ती आणि प्रजेचे मौन ही एकाच खात्यातील जमा आणि खर्चाची कलमे आहेत. दप्तरात जमेची बाजू सोनेरी अक्षरांत मिळते. खर्चाची बाजू जप्त अंकांत, नाकारलेल्या अर्जांत आणि तुरुंगाच्या नोंदींत शोधावी लागते.

आणि त्या मौनातूनही जे मार्ग निघाले त्यांची कल्पकता बॉस्टनच्या ब्यूरोपेक्षा कमी नव्हती. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक यांनी मराठी साप्ताहिक चालविले, त्याचे नाव ‘निजाम विजय’. पत्राच्या कपाळी राजाचा जयजयकार असला म्हणजे आत प्रजेच्या चार गोष्टी लिहिता येतात, हे व्यवहारज्ञान त्या नावात आम्हांस दिसते. आ. कृ. वाघमारे यांनी तर ‘मराठवाडा’ पुण्याहून काढला. निजाम सरकारने त्यास राज्यात मज्जाव करावा, आणि त्याने नवे नाव धारण करून पुन्हा सरहद्द ओलांडावी, असा खेळ चालला. एकाच मजकुराची बोधचिन्हे बदलून ती खपविण्याची विद्या आज मोठमोठ्या शुल्कावर शिकविली जाते. येथे ती केवळ वाचकापर्यंत पोचावे म्हणून, पदरमोड करून वापरली गेली. हा सर्व वृत्तान्त पाहावयाचा तर अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा १९८७ सालचा ग्रंथ उघडावा. भालेराव हे त्या लढ्यातील शिपाई आणि पुढे त्याच ‘मराठवाडा’चे संपादक. म्हणजे कटलिपप्रमाणेच घरचा माणूस. फरक एवढाच की याची खिडकी समोरच्या घराची आहे. घरच्या माणसाचा जिव्हाळा आणि घरच्या माणसाची मर्यादा ही दोन्ही त्याच्या लेखनास लागू आहेत, म्हणून त्याचाही पुरावा इतर पुराव्यांशी ताडून घेतला पाहिजे. पण हा ग्रंथ राजकीय इतिहासाच्या कपाटात ठेवला जातो आणि जनसंपर्काच्या विद्यार्थ्याच्या हाती कधी दिला जात नाही, हे मात्र आम्हांस अनिष्ट वाटते.

यावर कोणी म्हणेल, अशी व्याप्ती वाढविली तर मग बाहेर काय उरेल? गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग, नरसीच्या नामदेवाचे कीर्तन हेही जनसंपर्कच म्हणावयाचे काय? शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. अशोकास वेठीस धरणाऱ्या पाठ्यपुस्तकांची चूक आपण नामदेवास धरून पुन्हा करू नये. एखाद्या संस्थेच्या वतीने, योजनापूर्वक, लोकमत अनुकूल करून घेण्याचा प्रयत्न, एवढीच मर्यादा आम्ही घालू. या मर्यादेत दरबार बसतो, परतूरची परिषद बसते, वाघमारे यांचे पत्र बसते. भक्ताने देवाशी केलेले बोलणे बसत नाही. शब्द ताणून थोरामोठ्यांस आपल्या धंद्याच्या वंशावळीत ओवणे ही स्वतःच एक प्रसिद्धीची युक्ती आहे, आणि इतिहासकाराने तीस बळी पडू नये.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. पण प्रश्न तिच्याबरोबर संपला असे मानणे भोळेपणाचे होईल. आता बोलणारे सरकार आपले आहे आणि भाषाही मराठी आहे, म्हणून ऐकणाऱ्याचे कर्मपद आपोआप कर्तृपद होत नाही. याची खूण पाहावयास परभणीबाहेर जावे लागत नाही. १९७२ साली येथे स्थापन झालेले कृषी विद्यापीठ — २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते — हे अमेरिकेतील ज्या विद्यापीठांच्या धर्तीवर उभे आहे, त्यांतलेच कटलिपचे विस्कॉन्सिन. प्रयोगशाळेतील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत न्यावे आणि बांधावरची अडचण प्रयोगशाळेत आणावी, हे त्या धर्तीचे मूळ तत्त्व. कटलिपच्या पाठ्यपुस्तकाने पुरस्कारिलेला दुहेरी संवाद याच वातावरणातला. परभणीच्या विद्यापीठाने १९८५ साली दिलेले ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण पाने पिवळी पाडणाऱ्या रोगास तोंड देणारे म्हणून नावारूपास आले. रोगाची तक्रार शेतातून आली आणि तिचे उत्तर बियाण्याच्या रूपाने शेतात गेले. संवाद याहून वेगळा तो काय असतो? परंतु याच कसोटीवर सरकारी खात्यांची दर दिवसाची प्रसिद्धिपत्रके घासून पाहावी. किती घोषणा खाली जातात हे कोणीही मोजील; किती प्रश्न वर येतात आणि त्यांतील किती उत्तरित होतात, हे मोजण्याची पद्धत या विद्येने अजून मनावर घेतलेली दिसत नाही.

परभणीत निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करून कथा, कविता आणि कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ हे कटलिपहून अवघ्या दोन वर्षांनी मोठे. एक वेस्ट व्हर्जिनियातील रस्तेखात्याची बाजू लोकांस सांगत होता, तर दुसरा रस्ते आणि इमारती पाहणाऱ्या खात्याच्या कचेरीत बसून, खात्याने कधीही न सांगितलेले लोकांचे आयुष्य लिहीत होता. त्यांच्या एका कादंबरीचे नाव ‘जगाला कळले पाहिजे’ असे आहे. प्रसिद्धीच्या साऱ्या धंद्याचे सार या तीन शब्दांत आहे. मात्र ते शब्द निजामाच्या महोत्सवखात्याने उच्चारले तर एक अर्थ होतो आणि परतूरच्या मंडपातून उच्चारले तर दुसरा. कटलिपने पहिला अर्थ निर्भीडपणे तपासला. दुसरा तपासण्याचे काम मराठवाड्यातील तरुण अभ्यासकांचे आहे. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या जुन्या संस्थांची दप्तरे, जुन्या वकिलांच्या घरांतील कागद, साप्ताहिकांचे विस्कळीत अंक ही त्याची साधने होत. कागद वाळवीची वाट पाहत नाही. वाळवीच त्याची वाट पाहत असते. म्हणून हे काम ज्यांस करावयाचे आहे त्यांनी पदवीच्या प्रबंधाची मुदत येईपर्यंत थांबू नये.