आधी ग्राउंड, मग वीज

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढून जे आडवे खण असतात, त्यांची रुंदी १४६ मिलिमीटर आणि उंची ४१.३ मिलिमीटर. हे माप हार्ड डिस्कसाठी कुणी ठरवलेलं नाही. अमेरिकेतल्या शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने १९७६ साली सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बाजारात आणला, त्याच्या अंगाच्या मापाचा हा खण. तो पहिला ड्राइव्ह याच्या दुप्पट उंच होता. पुढे उंची निम्म्यावर आली, रुंदी मात्र तशीच राहिली. फ्लॉपी गेली, मग सीडी आली, डीव्हीडी आली, त्याही गेल्या. खण उरला. आणि या उरलेल्या खणात चालू मशीनमधून हार्ड डिस्क काढता-घालता येणारी पेटी बसवता येते, ही डेस्कटॉपच्या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत देखणी वाटणारी जुळणी आहे.

देखणेपणाची सुरुवात साध्या गणितापासून होते. साडेतीन इंची म्हणवणारी हार्ड डिस्क प्रत्यक्षात १०१.६ मिलिमीटर रुंद आणि साधारण २६.१ मिलिमीटर जाड असते. एका खणात ती एकच मावते आणि दोन्ही बाजूंना बरीच जागा वाया जाते. दोन खण एकत्र केले तर उंची ८२.६ होते, तीन डिस्का एकावर एक आडव्या ठेवल्या तर ७८.३. जमलं, पण अगदी घासून. तीन खण घेतले की उंची १२४ मिलिमीटरपर्यंत जाते. आडव्या चार डिस्का त्यात आरामात बसतात, पाचवी बसत नाही. इथे कुणीतरी डिस्क उभी करून पाहिली. उभ्या डिस्कची उंची १०१.६, ती १२४ मध्ये सहज मावते. आणि पाच जाडींची बेरीज १३०.५, ती १४६ मध्ये मावून वर साडेपंधरा मिलिमीटर शिल्लक. तेवढ्यात ट्रेचे पत्रे, मार्गदर्शक खाचा आणि हवेला जायला फटी. कपाटात पुस्तकं उभी लावावीत तशा पाच डिस्का शेजारी शेजारी उभ्या राहतात. सुपरमायक्रोची सीएसई-एम३५टी-१ ही पेटी याच जुळणीची आहे. अशा पेट्या इतरही कंपन्यांच्या मिळतात, आइसी डॉकच्या तर कितीतरी प्रकारच्या; पण ही रचना मनात बसवायची असेल तर सुपरमायक्रोची पेटी हातात घेऊन बघावी. शोभेचा एक पत्रा नाही तिच्यात.

ती बसवताना पहिली अडचण येते ती कॅबिनेटकडूनच. खणांच्या आत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छोट्या जिभा वळवलेल्या असतात; एकेकटा डीव्हीडी ड्राइव्ह त्यांच्यावर टेकावा म्हणून. तीन खणांची अखंड पेटी आत सरकवायची तर या जिभा पक्कडीने सपाट कराव्या लागतात. काही जण इथे बिचकतात. बिचकू नये, पण उलट पुन्हा वळवायची वेळ आली तर पत्रा तुटतो, एवढं लक्षात ठेवून दाबावं. मागच्या बाजूला पाच सॅटा केबली आणि एसएमपीएसकडून येणारे चार पिनांचे जुने मोलेक्स प्लग. एवढं जोडलं की पेटी पुन्हा उघडायची गरज नसते, आणि तीच तर सोय.

आता गाभ्याकडे येतो. पेटीच्या तळाशी, डिस्का जिथे जाऊन टेकतात तिथे, एक उभी सर्किट पाटी असते. तिला बॅकप्लेन म्हणतात. टॉर्च घेऊन रिकाम्या कप्प्यात डोकावलं तर तिच्यावरचे कनेक्टर दिसतात. हातातली डिस्क उलटी धरली तर तिच्या कडेला सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतात: सात पट्ट्यांची आखूड रांग डेटाची, पंधरांची लांब रांग विजेची. वरवर पाहिलं तर सगळ्या सारख्या. उजेड तिरका पाडला की फरक कळतो. विजेच्या रांगेतल्या काही पट्ट्या कडेच्या जवळ सुरू होतात, काही थोड्या मागून. फरक मिलिमीटरच्या अंशाचा, आणि सगळी कलाकुसर या फरकात आहे.

डिस्क आत ढकलली जाते तेव्हा बावीस पट्ट्या एकदम टेकत नाहीत. विजेच्या रांगेतली चौथी आणि बारावी पट्टी, म्हणजे दोन ग्राउंड, सगळ्यात आधी जोडल्या जातात. त्यानंतर उरलेले ग्राउंड आणि त्यांच्याबरोबर तिसरी, सातवी व तेरावी अशा तीन पट्ट्या, ज्यांना प्रीचार्ज म्हणतात. सगळ्यात शेवटी ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या मुख्य पट्ट्या. डेटाच्या रांगेतही पहिली, चौथी आणि सातवी हे ग्राउंड पुढे, प्रत्यक्ष संदेश नेणाऱ्या चार पट्ट्या त्यांच्या मागून. आधी ग्राउंड, मग बेताची वीज, मग पुरती वीज.

हा क्रम कशासाठी, ते पाहायला हवं. डिस्कच्या सर्किटवर कपॅसिटर असतात. डिस्क बाहेर असताना ते रिकामे असतात, आणि रिकामा कपॅसिटर चालू विजेला टेकला की त्या क्षणापुरता जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखा वागतो, मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेतो. तसं झालं तर त्याच तारेवर चालणाऱ्या शेजारच्या चार डिस्कांचं व्होल्टेज घसरेल. एखादी मध्येच रीसेट होईल, लिहिता लिहिता. प्रीचार्जची पट्टी हे टाळते. तिच्या वाटेत रेझिस्टर असतो, त्यामुळे कपॅसिटर दमाने भरतात. मुख्य पट्ट्या टेकतात तेव्हा भरायला फारसं उरलेलं नसतं. ग्राउंड आधी का, तर दोन सर्किटांमध्ये शून्य कोणतं हे आधी ठरल्याशिवाय पाच किंवा बारा व्होल्टला अर्थच नसतो. नको त्या पट्टीतून, कदाचित डेटाच्याच वाटेने, वीज परतीचा रस्ता शोधेल. माणसाच्या हाताच्या वेगाने मिलिमीटरचा अंश पार व्हायला काही मिलिसेकंद लागतात. विजेच्या हिशोबात तो भरपूर अवकाश आहे. हात जेवढा हळू तेवढी वीज अधिक निवांत. ओढून काढताना सगळं आपोआप उलटं होतं: मुख्य वीज आधी सुटते, ग्राउंड सगळ्यात शेवटी. एकही चिप नाही, एक ओळ कोड नाही. फक्त पट्ट्यांची लांबी.

आणि यातला जो बारकावा मला सर्वांत जास्त आवडतो तो असा. डिस्कच्या बाजूने दोनच टप्पे असतात, काही पट्ट्या लांब आणि काही आखूड. पहिला टप्पा, म्हणजे ते चौथं आणि बारावं ग्राउंड, बॅकप्लेनवरच्या कनेक्टरमध्ये लांब केलेलं असतं. साध्या सॅटा केबलच्या प्लगमध्ये ते लांब नसतं. म्हणजे कॅबिनेटचं झाकण उघडून चालू मशीनमध्ये डिस्कला केबल लावणं आणि पेटीच्या कप्प्यात डिस्क सरकवणं या दोन गोष्टी विजेच्या दृष्टीनेही सारख्या नाहीत. पेटी म्हणजे नुसती सोय, केबल लावायचे कष्ट वाचवणारा डबा, असं अनेक जण समजतात. खरं तर पूर्ण क्रम पेटीतच पूर्ण होतो. सॅटाचा आराखडा २००३ च्या सुमारास पक्का झाला तेव्हापासून प्रत्येक साध्या, स्वस्त डिस्कमध्ये निम्मा क्रम तयार होताच. दुसऱ्या निम्म्याची वाट बघत.

त्याआधीचे रॅक ज्यांनी वापरले त्यांना या बदलाचं मोल वेगळं सांगायला नको. आयडीई डिस्कांचे एका खणात बसणारे रॅक असत, पुढे कुलूप, त्याला बारीक किल्ली. किल्ली फिरवली की डिस्कची वीज तुटे. पण मशीन बंद केल्याशिवाय डिस्क काढायची नाही, हा नियम कायम होता. चाळीस पिनांच्या त्या रिबन केबलला चालू मशीनमध्ये येणंजाणं ठाऊकच नव्हतं. चालू सर्व्हरमधून डिस्क काढायची चैन तेव्हा ऐंशी पिनांच्या कनेक्टरवाल्या महागड्या स्कझी डिस्कांना होती. सॅटाने ती घरच्या टेबलावर आणली.

तेवढी मोठी गोष्ट झाली तरी पट्ट्या विजेचं बघतात, डेटाचं नाही. हे दोन वेगळे पहारे आहेत आणि दुसरा माणसाने सांभाळायचा. बायॉसमध्ये सॅटाचा मोड एएचसीआय असावा लागतो. जुन्या आयडीई मोडवर मशीनला डिस्क आली-गेली हे कळतच नाही. पुष्कळ मदरबोर्डांवर प्रत्येक पोर्टपुढे हॉट प्लग चालू करायचा वेगळा पर्याय असतो आणि तो बहुधा बंद असतो. नवी पेटी चालत नाही अशी तक्रार घेऊन दुकानात जाण्याआधी हा एक पर्याय बघावा. डिस्क काढण्यापूर्वी ती सिस्टिममधून सोडवावी लागते: विंडोजमध्ये हार्डवेअर सुरक्षितपणे काढण्याचं ते छोटं चिन्ह, लिनक्समध्ये अनमाउंट करून वीज बंद करण्याचा आदेश. लिहायचं म्हणून मेमरीत थांबवून ठेवलेलं जे काही असेल ते त्यामुळे डिस्कवर उतरतं. मग डिस्कला थांबू द्यावं.

हे थांबणं हाताला कळतं, आणि ते एकदा अनुभवण्यासारखं आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या वीज तुटल्याबरोबर थांबत नाहीत, काही सेकंद फिरतच राहतात. घाईने ट्रे ओढला आणि मनगट वळवलं तर डिस्क हाताला विरोध करते, तिला वेगळीकडेच कलायचं असतं. फिरत्या चाकाचा आस बदलायला गेलं की होतं तेच. तबकडीच्या वर नॅनोमीटरांमध्ये मोजावं लागेल इतक्या अंतरावर तरंगणारा हेड वीज जाताच बाजूला जाऊन बसतो हे खरं, तरी फिरती डिस्क हलवू नये. ट्रे कनेक्टरपासून बोटभर सरकवून तिथेच थांबावं, तबकड्या निमाल्या की बाहेर काढावा. चांगल्या पेटीत ट्रे अर्धवट बाहेर नीट टेकून राहतो. स्वस्त पेटीत तो खाली झुकतो, आणि तिथेच तिची पारख होते.

ट्रेच्या पुढच्या दांडीबद्दलही लिहायला हवं. बावीस पट्ट्यांची पकड सोडवायला लागणारा जोर बोटांच्या चिमटीने दिला तर डिस्क तिरकी निघते आणि कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर ताण येतो. दांडी उघडली की तिचं टोक पेटीच्या कडेवर टेकून ट्रेला सरळ मागे रेटतं. मिटवली की तितकंच सरळ आत दाबतं. चार स्क्रूंनी डिस्क ट्रेला बांधायचे कष्ट एकदाच घ्यावे लागतात. बिनट्रेच्या पेट्याही निघाल्या आहेत, दार उघडून उघडी डिस्कच आत ढकलायची. रोज नव्या डिस्का तपासणाऱ्या दुरुस्तीवाल्याला त्या बऱ्या. घरच्या वापरासाठी मी ट्रेच्या बाजूने आहे. ट्रेवर चिठ्ठी लावता येते, आणि उघड्या डिस्कच्या सर्किटला घामेजला हात लागत नाही; मुंबई-कोकणच्या हवेत ही बाब लहान नाही.

ॲपलच्या २००६ च्या मॅक प्रोमध्येही चार डिस्का केबलीशिवाय स्लेडवर सरकत असत. ते काम इतकं सफाईदार होतं की आजही बघत राहावं. पण स्लेड बाजूच्या दारामागे होते, आणि दाराची कळ लावली की ते जागच्या जागी अडकत. मशीन बंद करून, आत पोचून डिस्क बदलावी अशी ती कल्पना. पुढच्या खणातली पेटी याच्या पलीकडे जाते, डिस्क बदलणं हे मशीन चालवण्याचाच एक भाग मानते.

विजेच्या रांगेतल्या अकराव्या पट्टीकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. ती दोन कामं करते. डिस्क चालू असल्याचा इशारा ती दिव्याला देऊ शकते; आणि सुरुवातीच्या क्षणी, ती ग्राउंडला जोडलेली आहे की मोकळी यावरून डिस्क लगेच फिरायला लागायचं की कंट्रोलरच्या हुकमाची वाट पाहायची ते ठरवते. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. पाचही एकदम उठल्या तर दहा अँपिअर, १२० वॉट, तेही काही सेकंदांत. साध्या एसएमपीएसला हा दणका जाणवतो. एकामागून एक उठल्या तर नाही.

मोलेक्सचा जुनाट प्लग पाहून नाक मुरडणारे भेटतात. त्याच्यावर ५ आणि १२ व्होल्टच असतात, ३.३ नाही. गंमत अशी की २०१६ नंतर सॅटाच्या नियमांत तिसऱ्या पट्टीला डिस्क दुरून बंद करण्याचं नवं काम मिळालं. तिच्यावर ३.३ व्होल्ट असले की अशा डिस्का उठतच नाहीत, मग लोक पट्टीवर चिकटपट्टी लावत बसतात. मोलेक्सवर चालणाऱ्या बॅकप्लेनवर ते व्होल्टेज पोचत नसेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

एक खोड मात्र मान्य करावी लागते, ती पंख्याची. उभ्या डिस्कांमधल्या फटी इतक्या अरुंद असतात की मागचा ९२ मिलिमीटरचा पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि तो सर्व्हर खोलीच्या हिशोबाने बनवलेला असतो, बैठकीच्या खोलीच्या नव्हे. बहुतेक जण तो काढून शांत पंखा लावतात. लावावा, पण आठवडाभर डिस्कांचं तापमान पाहत राहावं. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे तर नक्कीच. पुण्याच्या धुळीत पुढची जाळी महिन्याला एकदा ब्रशने साफ करावी.

अडचण खणांचीच आहे. हल्लीची कॅबिनेटं पुढून काचेची किंवा नुसत्या जाळीची असतात, खण एकही नसतो. लॅमिंग्टन रोडवर तीन खणांचं कॅबिनेट मागितलं तर दुकानदार आधी आश्चर्याने बघतो, मग माळ्यावरून काहीतरी जुनं काढतो. असं मिळालं तर किमतीवर घासाघीस न करता घ्यावं.

आणि डिस्का फिरत्या ठेवाव्यात. एक मशीनमध्ये, एक कपाटात, एक दुसऱ्या घरी. दर रविवारी अदलाबदल. लग्नाचे फोटो काढणारे, संगीताच्या मैफली रेकॉर्ड करणारे, घरच्या दोन पिढ्यांचे कागद स्कॅन करून ठेवणारे, या सगळ्यांना क्लाउडच्या दरमहा भाड्यापेक्षा हा उपाय जास्त विसंबण्याजोगा आहे, असं माझं ठाम मत आहे. कनेक्टर झिजेल ही भीतीही नको. साध्या केबलचा सॅटा कनेक्टर पन्नास वेळा लावण्या-काढण्याच्या हिशोबाने बनवलेला असतो, बॅकप्लेनचा पाचशे. एका कप्प्यात आठवड्याला एकदा डिस्क बदलली तर पाचशे व्हायला साडेनऊ वर्षं लागतात, आणि तोवर त्या कप्प्यात येणाऱ्या डिस्का निदान एकदा तरी नव्या घ्याव्या लागलेल्या असतील.