अणूचें चित्र आणि त्याचें वाचन

हातच्या कांकणास आरसा कशाला, असें आपण म्हणतों. वस्तु डोळ्यांनीं दिसली कीं वाद मिटला, अशी आपली समजूत असते. म्हणूनच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें टिपलेलें ठिपक्यांचें चित्र दाखवून ‘हे पाहा अणु!’ असें सांगितलें कीं वाचक निःशंक होतो. आमच्या मतें ही निःशंकता त्या यंत्राच्या खऱ्या थोरवीस बाधकच आहे.

यंत्र थोर आहे, यांत वाद नाहीं. साध्या सूक्ष्मदर्शकास सुमारें २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील वेगळा दाखवितां येत नाहीं. प्रकाशाच्या लहरीच तितक्या स्थूल. रुस्का व क्नोल यांनीं १९३१ सालीं बर्लिन येथें प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत योजिला. ३०० किलोव्होल्टांनीं वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनाची लहर अवघी ०.००२ नॅनोमीटर, म्हणजे अणूहून कितीतरी लहान, असते. पण चुंबकीय भिंगें सदोष होतीं. गोल व स्थिर भिंग कितीहि कौशल्यानें घडविलें तरी तो दोष जात नाहीं, हें शेर्झर यांनीं १९३६ सालीं सिद्ध केलें. निराळ्या आकाराचीं चुंबकें जोडून हायडर, रोझे व उर्बान यांनीं तो निवारला, तेव्हां १९९८ साल उजाडलें होतें.

इतक्या परिश्रमानें मिळालेलें चित्र तरी छायाचित्र असतें काय? इलेक्ट्रॉन अत्यंत पातळ नमुन्यांतून आरपार जातात. बाहेर पडणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि त्या मिश्रणाचा ठसा पडद्यावर उमटतो. भिंगाची जुळवणी किंचित बदलली कीं काळ्या ठिपक्याच्या जागीं पांढरा येतो. शिवाय स्फटिकाच्या चित्रांतील ठिपका बहुधा एका अणूचा नसून एकामागें एक उभ्या असलेल्या अणूंच्या रांगेचा असतो. म्हणून संशोधक रचनेची कल्पना करतो, तिचें चित्र कसें दिसेल याचें गणित मांडतो आणि तें प्रत्यक्ष चित्राशीं ताडून पाहतो. जुन्या पोथीचा पाठ ठरविणाऱ्या पंडिताचेंच हें काम नव्हे काय?

वाचनावर किती अवलंबून असतें, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ८ एप्रिल १९८२ रोजीं अमेरिकेंत डॅन शेख्टमन यांस ॲल्युमिनियम व मँगनीज यांच्या मिश्रधातूंत दहा-दहा ठिपक्यांचीं वर्तुळें आढळलीं. हे ठिपके अणूंचे नव्हेत, अणूंवरून वळलेल्या लहरींचे. पण तत्कालीन स्फटिकशास्त्राप्रमाणें अशी नक्षी अशक्य होती. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी पॉलिंग यांनीं ती जुळ्या स्फटिकांची करामत ठरविली. ठिपके आहेत हें उभयपक्षीं मान्य होतें. भांडण होतें तें अर्थाचें. शेख्टमन यांनीं जुळ्या स्फटिकांची शक्यता आधींच तपासून पाहिली होती. १९८४ सालीं त्यांचा निबंध छापला गेला. पुढें अशा पदार्थांचे मोठे स्फटिक क्ष-किरणांनीं तपासल्यावर बहुतेकांची शंका फिटली, आणि २०११ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

केवळ पाहण्यानें हा निर्णय झाला नाहीं. पाहिलेल्याची निरनिराळ्या बाजूंनीं उलटतपासणी केल्यानें झाला. म्हणून शास्त्रीय विषयांवर मराठींत लिहिणाऱ्यांस आमची विनंती आहे कीं, अणूंचें चित्र छापतांना तें कसें वाचलें हेंहि चार ओळींत सांगावें. आमचा वाचक तेवढें लक्ष खचित देईल.