शुभ्र प्रकाश आणि मैत्री

कुठे भूकंप झाला, त्सुनामी आली, की ध्यानाची हाक येते. ठरल्या वेळी जिथे असाल तिथे डोळे मिटा, श्वास संथ करा, तो उद्ध्वस्त भूभाग मनापुढे आणा, त्यावर शुभ्र प्रकाश उतरतो आहे, जखमा भरत आहेत असे पाहा. हाक देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेही एक शब्दचित्रच आहे, आणि कवितेतली प्रतिमा आपण जशी तपासतो तशी तीही तपासली पाहिजे.

या चित्रात पाहणारा वर आहे, पीडित खाली. प्रकाश वरून पडतो, तोही पांढराच. खालच्यांना चेहरे नाहीत, ते सगळे मिळून ‘मानवता’. आपत्तीपुढे सारे सारखे, हा या चित्राचा पाया. गाव आणि वस्ती यांतले अंतर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पायांनी मोजले, त्यांनी तरी तो सहजासहजी मान्य करू नये.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी घ्या. तामिळनाडूच्या एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे गेली. लाटेने जात विचारली नाही, खरे. पण ती ओसरल्यावर कुजलेली प्रेते उचलायला कोण आले? इतर शहरांतून आणलेले सफाई कामगार, बहुसंख्य दलित. छावण्यांत दलितांना वेगळे ठेवल्याच्या, पाण्याच्या टाकीला हात लावू न दिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. नुकसान मोजले गेले ते होड्यांत आणि जाळ्यांत. दुसऱ्याच्या होडीवर नाहीतर शेतावर राबणाऱ्याचे काय बुडाले, ते कागदावर सहजी आले नाही. मिटल्या डोळ्यांच्या चित्रात हा माणूस येतच नाही. तो पाहायला डोळे उघडावे लागतात.

दूरवरून पाठवलेले पोचते का, हे मोजूनही झाले आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन व सहकाऱ्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या सुमारे १,८०० रुग्णांवर प्रार्थनेचा प्रयोग केला. २००६ साली निष्कर्ष आले : प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही, आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात ती उलट काहीशी अधिक दिसली. प्रार्थना आणि ध्यान एक नव्हे, पण दावा त्याच जातीचा. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा ठरवले, तेव्हा रवींद्रनाथांनी आक्षेप घेतला होता. आमच्या बाजूचे वाटणारे ते विधान आम्हीही नाकारलेच पाहिजे. पापाने जमीन हादरते हे एकदा मानले, की कुणाच्या पुण्याने ती सांधते हे ओघानेच येते.

यावर आपलेच काही मित्र विचारतील, मग विहारातल्या मैत्रीभावनेचे काय? प्रश्न रास्त आहे. शांत बसून मन थाऱ्यावर येत असेल, तर जरूर बसावे. प्रेते उचलून परतलेल्याला त्याची गरज अधिक. पण ज्या सुत्तातून ही मैत्री येते, त्याचे नावच ‘करणीय’ या शब्दाने सुरू होते. आधी वागणूक सांगितली आहे, मैत्री मागून. आणि तिची प्रतिमा? प्रकाशाचा झोत नव्हे. एकुलत्या एका लेकरासाठी जीव पणाला लावणारी आई. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मैत्रीला करुणेच्याही पुढे ठेवले, हे इथे ध्यानात घ्यावे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला. त्याचा संघाला काही उपयोग नाही म्हणून बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः ते ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोके, एकाने पाय धरून त्याला उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर भिक्खूंना जमवले आणि विचारले ते एवढेच, की तुम्ही याची शुश्रूषा का केली नाही.