वाटीचे माप आणि काट्याचे वजन

पाकशास्त्रावरील मराठी ग्रंथांचे परीक्षण बहुधा पदार्थांची संख्या व त्यांची चव यांवरच आटोपते. मापांकडे कोणी पाहत नाही. आम्हांस मात्र अशा ग्रंथाची खरी कसोटी मापांतच दिसते. पाककृती हा लेखक व वाचक यांच्यातील एक करार आहे, आणि ज्या करारात संज्ञांची व्याख्या नसते तो वादास कारण होतो.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजविले, याचे श्रेय त्यांना द्यावे तितके थोडेच. ज्या घरी तराजू नाही तेथेही वाटी असते; आणि एकच वाटी अखेरपर्यंत वापरली, तर ती लहान असो वा मोठी, जिनसांचे परस्परप्रमाण ढळत नाही. या पद्धतीस अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल.

दोष उत्पन्न होतो तो वाटीचे वजन करताना. वाटी जागा मोजते, काटा भार मोजतो. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम, पातळ तूप सुमारे १८०, साखर सुमारे १७०, तर रवा सुमारे १४० ग्रॅम मावतो. कणीक चाळून अलगद भरली तर एक वजन, ठोकून भरली तर दुसरेच. असे असता ‘एक वाटी म्हणजे अमुक ग्रॅम’ असा एकच आकडा आरंभी छापून मोकळे होणे, हा निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे कारभार होय.

सत्यनारायणाच्या प्रसादाचेच पाहा. रवा, साखर, तूप सव्वा-सव्वा घ्यावे, अशी परंपरा. पण सव्वा काय? जुना ‘शेर’ हा शब्दच दुहेरी होता. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. आणि चिपटे-मापट्यांच्या मालिकेतील शेर हे धान्य भरून मोजण्याचे माप. १९५६ च्या कायद्याने बाजारात किलोग्रॅम आणला, तेव्हा ‘सव्वा शेर’ सहजच ‘सव्वा किलो’ झाला. मूळचा शेर कोणता, ही पृच्छा झालीच नाही. भरून समप्रमाण घेतल्यास एक किलो रव्यास साखर सुमारे १.२ किलो व तूप सुमारे १.३ किलो पडते. वजनाने समप्रमाण घेतल्यास तुपात जवळजवळ चौथ्या हिश्शाची घट येते. सव्वाची श्रद्धा दोहोंत सारखीच. शिरा मात्र तोच राहत नाही.

घरच्या पातेल्यात एवढा फरक खपून जातो. देवळात शेकडो भाविकांसाठी कढई चढते, वाट्यांचे किलो करावे लागतात, तेव्हा तो खपत नाही. वाटीभर रव्यास दोन वाट्या दूध, या हिशेबाने किलोभर रव्यास पावणेतीन लिटरांहून अधिक दूध हवे. कोणी ‘एकास दोन’ म्हणून दोनच लिटर ओतले, की शिरा कोरडा पडतो आणि बोल आचाऱ्यास लागतो. वास्तविक अपराध पुस्तकाचा असतो.

व्यापारातील मापांवर २००९ च्या वैध मापन कायद्याची देखरेख आहे. स्वयंपाकघरातील वाटीवर कोणाचाच शिक्का नाही. म्हणून ही जबाबदारी लेखकाची. वाटी किती मिलिलिटरची, ती शिगोशीग भरावी की सपाट, आणि प्रत्येक जिनसाचे त्या वाटीतील वजन किती, एवढे एका पानात सांगता येते. ज्या पुस्तकात ते पान नाही, त्यातील पाककृती कितीही रुचकर असोत, ते पुस्तक आम्ही अपुरेच समजू.