साहाय्यक संस्थांचे उत्तरदायित्व : एक टीका

साहाय्यक संस्थेने ज्यांची सेवा करावयाची त्या गरिबांनाच उत्तरदायी असावे, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. परंतु उत्तरदायित्व आणि विचारपूस या भिन्न गोष्टी होत. उत्तरदायित्वात गरीब प्रश्न विचारतो व संस्थेला उत्तर द्यावे लागते. विचारपुशीत संस्था विचारते आणि गरीब उत्तर देतो.

या दृष्टीने २०१४ साली सिद्ध झालेला ‘कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड’ हा आंतरराष्ट्रीय मानदंड परीक्षणीय आहे. त्यातील नऊ वचनांपैकी पाचवे तक्रारींचे स्वागत व निवारण यांविषयीचे असून, २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही ते कायम आहे. आपद्ग्रस्ताला केंद्रस्थानी ठेवणे हा या मानदंडाचा गुण निःसंशय मोठा होय. तथापि जिच्याविरुद्ध तक्रार, तीच संस्था प्रथम ती ऐकणार आणि तीच तिचा निर्णय करणार. असंतुष्ट देणगीदार देणगी थांबवू शकतो. पुरात घर गेलेल्यास मदत नाकारणे परवडत नाही. तो मौन पत्करतो, आणि हे मौन अहवालात समाधान म्हणून नोंदले जाण्याचा संभव असतो.

याउलट, मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराना येथे घेतलेल्या जनसुनावणीचे स्वरूप पाहावे. तेथे सरकारी कामांची कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि त्यांतील नोंदी खऱ्या की खोट्या, याची साक्ष ग्रामस्थांनीच दिली. एकट्याची तक्रार भीतीपोटी दबते; समुदायाची साक्ष सहसा दबत नाही. या चळवळीचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याशी असलेला संबंध सर्वविदित आहे.

यावर आक्षेप असा की, तो पैसा जनतेचा होता. देणगीचा पैसा गरिबांचा नव्हे. हा आक्षेप टिकणारा नाही. देणगी गरिबांच्या नावाने मागितली जाते, आणि विश्वस्ताने लाभार्थ्याला जाब देणे हे विश्वस्त-कल्पनेचे मूळच होय. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा (आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा) हितसंबंधी व्यक्तींत लाभार्थ्याची गणना करतो. अशा दोन वा अधिक व्यक्तींना धर्मादाय आयुक्तांच्या लेखी संमतीने दावाही लावता येतो. परंतु १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या बाबतीत तीच व्याख्या सभासदाचा निर्देश करते, लाभार्थ्याचा नाही. अनेक सेवासंस्था याच स्वरूपाच्या आहेत. म्हणजे जिच्या नावे संस्था चालते, त्या व्यक्तीचे कायद्यातील स्थान संस्थेच्या नोंदणीच्या प्रकारावर अवलंबून राहते.

यास्तव केवळ तक्रारपेटी पुरेशी नव्हे. हिशेब वस्तीत, वस्तीच्या भाषेत वाचला जावा. सुनावणीचे अध्यक्षपद संस्थेबाहेरील व्यक्तीकडे असावे. आणि लाभार्थ्याचा निर्देश कायद्यात सर्व संस्थांच्या बाबतीत व्हावा. तोवर उत्तरदायित्व हेही उपकाराचेच एक रूप राहील.