आडनाव आणि कूळ : कुलवृत्तांत-लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना : एका आडनावाच्या घराण्यांचे पूर्वज शोधून त्यांची वंशावळ ग्रंथरूपाने सिद्ध करण्याची परंपरा मराठीत विसाव्या शतकात रुजली. 'कुलवृत्तांत' या लेखनप्रकाराने सामाजिक इतिहासाला विपुल सामग्री पुरविली, हे मान्यच करावे लागेल. तथापि 'आडनाव एक म्हणजे कूळ एक' हे त्यामागील गृहीतक तपासणे आवश्यक आहे.

विवेचन : मराठी आडनावांची घडण पाहता हे गृहीतक टिकत नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनांवरून आलेली नावे असून परस्परांशी नाते नसलेल्या अनेक घराण्यांनी ती धारण केली. जोशी हे आडनाव भिन्न गोत्रांत आढळते. 'कर'प्रत्ययान्त आडनाव मूळ गाव सांगते, रक्तसंबंध नव्हे. याउलट एकाच कुळाची आडनावे बदलल्याचीही उदाहरणे आहेत. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू, रास्ते घराण्याचे गोखले, तर पेशव्यांचे भट. म्हणजेच केवळ आडनावावर विसंबणारा शोध परक्यांना आत घेतो आणि स्वकीयांना बाहेर ठेवतो.

साधनांच्या बाबतीतही विवेक हवा. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या मोलाच्या आहेत. परंतु तीर्थयात्रा न घडलेली घराणी त्यांत सापडत नाहीत. १८५२ च्या कायद्यान्वये इनामांची चौकशी झाली, तेव्हा सादर झालेल्या वंशावळी हक्क शाबीत करण्याच्या हेतूने तयार झालेल्या होत्या. अशा वंशावळी, मोडी दस्तऐवज आणि घरातील वृद्धांच्या आठवणी या सर्वांचे पुरावामूल्य सारखे नाही. वंशवृक्षात मात्र ही सर्व नाती बहुधा एकसारख्याच रेषेने जोडलेली दिसतात. दत्तकाची नोंद सुटली, तर ही रेषा अधिकच फसवी ठरते. शिवाय विवाहित कन्येपाशी तिची शाखा बहुधा थांबते. आडनाव हाच निकष मानल्यावर कुळातील निम्मे पूर्वजत्व आपोआप गळून पडते.

निष्कर्ष : हा प्रश्न आज केवळ अभ्यासकांच्या आस्थेचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला. अशा नोंदीवर जेव्हा जातीचा दाखला अवलंबून असतो, तेव्हा नोंदीतील व्यक्ती आपलीच पूर्वज आहे हे पिढीगणिक दाखवावे लागते. आडनाव जुळणे तेथे पुरेसे ठरत नाही. म्हणून कुलवृत्तांतकारांनी प्रत्येक दुव्याचा आधार नमूद करावा, अनुमानित नाते तुटक रेषेने दाखवावे आणि कन्यांच्या शाखाही पुढे न्याव्यात. आधार न सापडल्यास वंशवृक्षातील जागा रिकामी ठेवावी. त्यामुळे ग्रंथ लहान होईल, परंतु विश्वसनीय ठरेल.