बेलापूरचे स्थानक आणि श्रीरामपूर : एका रूढ मताची परीक्षा

श्रीरामपूर रेल्वेने वसविले आणि प्रवरातीरीचे जुने बेलापूर रेल्वेनेच बुडविले, हे मत नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) इतके रूढ झाले आहे की त्यास कोणी प्रमाण विचारीत नाही. आम्हीही वर्गात पुष्कळ वर्षे हेच सांगत आलो. म्हणून ते तपासण्याचे ऋण आमच्याकडेही लागते.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. त्याआधीच्या दुष्काळात त्याचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून चालले होते. पोटासाठी माती वाहणाऱ्यांची ही गोष्ट स्थानकांचा इतिहास लिहिणारे सहसा वगळतात. मार्ग बेलापूरपासून दीड-दोन कोसांवरून गेला. स्थानक माळावर झाले, नाव मात्र गावाचे मिळाले. पुढे शहर श्रीरामपूर झाले, तरी रेल्वेच्या दप्तरी स्थानक बेलापूरच राहिले. त्यामुळे जुन्या कागदातील ‘बेलापूर’ नदीकाठचे की रुळाकाठचे, हे दर वेळी संदर्भावरून ठरवावे लागते. हरेगावास साखर कारखाना काढणारी कंपनीही बेलापूर नावाचीच, तेव्हा तिसरे बेलापूर तेही!

रूढ मताच्या बाजूने कँबेलसंपादित गॅझेटियरचा नगर खंड पुढे करता येईल. पण तो १८८४ चा. मार्ग सुरू होऊन सहाच वर्षे झाली असता छापलेला ग्रंथ व्यापाराची वाट बदलल्याची साक्ष देईल. शहर घडल्याची कशी देणार?

कारण ठरविण्यास अन्वय व व्यतिरेक दोन्ही लागतात. एरव्ही तो काकतालीय न्यायच. याच मार्गावर विळद आहे, तेथे शहर झाले नाही. राहुरीचे स्थानक गावापासून दूर आहे, परंतु तेथे राहुरीस मागे टाकणारी पेठ उठली नाही. मग बेलापूरच्या स्थानकाजवळ अधिक काय होते? आमच्या मते, पाणी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या डाव्या कालव्यामुळे या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. हरेगाव व टिळकनगर येथे साखर कारखाने झाले. रूळ पडल्यापासून धरण पुरे होईपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे जातात. रूढ मतास या कालावधीचे उत्तर देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, पाट तर कितीएक गावांवरून गेला, ती शहरे का झाली नाहीत? आक्षेप खरा आहे. पाण्याने पीक येते, पेठ येत नाही. साखर व गूळ बाहेर नेण्यास रूळ हवा. दोन्ही जेथे एकत्र आले तेथे शहर झाले, एवढेच आम्ही म्हणतो.

ऱ्हासाचीही हीच कसोटी. हरेगावचा कारखाना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडला व त्याभोवतीची वस्ती ओसरली. त्या वेळी रूळ तेथेच होता, पाटही तेथेच. भांडवल उठले की काय होते, हे तेथे जाऊन पाहावे. उलट जुने बेलापूर ‘बुडाले’ हे अतिशयोक्तीचे आहे. गाव नांदते आहे. गेले ते अग्रस्थान.

आमच्या मताची खरी परीक्षा स्थानकाच्या माल-नोंदी, पाटबंधारे खात्याचे दप्तर आणि आडत्यांच्या वह्या यांवरूनच होईल. यांपैकी वह्या अजून कोणाच्या माळ्यावर असतील, तर वाळवीच्या आधी त्या आमच्या हाती याव्यात.